समाजशास्त्राचे प्रवेश बंद करू नका : आमच्या महाविद्यालयाच्या व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य, व्यवस्थापन मंडळ,
मा. प्राचार्य,
नागपूर

सप्रेम जय भीम, नमस्कार.

महाविद्यालयाच्या फलकावर लागलेल्या सूचनेचा फोटो माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर आला आणि तिथून माझ्यापर्यंत पोचला. येत्या सत्रापासून बीए प्रथम वर्षाला समाजशास्त्रात प्रवेश दिले जाणार नाहीत, असं त्यात लिहिलं आहे. कारणं तीन आहेत : विद्यार्थी संख्या कमी, पूर्णवेळ शिक्षक उपलब्ध नाही, आणि विषय रोजगाराभिमुख नाही. विभागाच्या खोलीत कौशल्य विकास केंद्र होणार आहे आणि कपाटांतलं ‘जुनं व अनावश्यक साहित्य’ निर्लेखित होणार आहे, म्हणजे नोंदीतून काढून टाकलं जाणार आहे.

महाविद्यालयाचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. बदनामी करणं हा माझा हेतू नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. पण पत्र बंद पाकिटात न देता सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण निर्णय बंद खोलीत झाला आणि त्याचे परिणाम भोगणाऱ्या मुलामुलींना कुणी काही विचारलं नाही.

मी याच विभागात शिकले. घर नागपुरातल्याच इंदोरा भागात. बाबा कापड गिरणीत होते. १८७७ साली जमशेटजी टाटांनी या शहरात एम्प्रेस मिल सुरू केली, तिच्या मागोमाग इथं गिरणी कामगारांच्या दोन-तीन पिढ्या उभ्या राहिल्या. आज त्या जागी मॉल आहे. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. नातेवाइकांचं एकच म्हणणं असायचं, माणसात जिद्द असती तर त्यानं दुसरं काहीतरी केलं असतं. रोज ऐकून ऐकून बाबाही तेच मानायला लागले होते. घरी कुणी आलं की ते मागच्या खोलीत जाऊन बसत.

बीएच्या पहिल्या वर्षी सरांनी सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं १९५९ सालचं एक उदाहरण फळ्यावर मांडलं. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर तो त्याचा खासगी प्रश्न. त्याचा स्वभाव, त्याचं कौशल्य तपासा. पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर उत्तर एकेका माणसाच्या स्वभावात सापडणार नाही, ते बाजारात आणि राज्यकारभारात शोधावं लागेल. मी घरी जाऊन हे बाबांना सांगितलं. ते काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांच्या खात्यातल्या माणसांची एकेक करून नावं घेऊ लागले. कोण सायकल रिक्षा ओढतो, कोण गावाकडे परत गेला, कोणाची पोरं शाळेतून निघाली, कोण दारूत गेला. एकट्याचं अपयश म्हणून जे त्यांनी छातीवर वाहिलं होतं, ते सगळ्या खात्याचं निघालं. त्यांची नोकरी काही परत आली नाही, पण पाहुणे आले की मागच्या खोलीत जाणं त्यांनी सोडलं.

तुम्ही विषयाची उपयुक्तता मोजणार असाल तर हेही मोजा, अशी माझी विनंती आहे.

आता ‘रोजगाराभिमुख नाही’ या कारणाबद्दल. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे, समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात त्याचा पाया कामी येतो, ही उत्तरं तुम्हाला माहीत आहेत. मी माझ्या टेबलावरची गोष्ट सांगते. मी एका सरकारी आरोग्य कार्यक्रमात सिकलसेलची समुपदेशक आहे. रक्तातल्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा हा आनुवंशिक आजार. आधी सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी होते, ती सकारात्मक आली की इलेक्ट्रोफोरेसिस ही खात्रीची चाचणी, आणि मग रुग्ण की वाहक (म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेला माणूस) हे ठरलं की कुटुंब माझ्यासमोर येऊन बसतं. आई आणि बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. हे गणित मी पाच मिनिटांत समजावते. पुढचा सगळा वेळ जातो तो गणिताबाहेरच्या प्रश्नांत.

लग्न ठरत आलेल्या मुलीला घेऊन एक बाई आल्या होत्या. मुलगी वाहक निघाली होती. बाईंनी दार ओढून घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, “मॅडम, हे आमच्याच लोकायले होते म्हणतेत ना? आमच्या रक्तातच हाय का हे?”

या प्रश्नाचं उत्तर मला समाजशास्त्राच्या वर्गात मिळालं होतं. १९१० साली शिकागोत जेम्स हेरिक या डॉक्टरांनी या आजाराची पहिली वैद्यकीय नोंद प्रसिद्ध केली. रुग्ण होता वेस्ट इंडिजमधल्या ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेला एक कृष्णवर्णीय विद्यार्थी. पुढची कित्येक वर्षं अमेरिकेत हा ‘काळ्यांचा रोग’ म्हणून ओळखला गेला. एखाद्या गोऱ्या रुग्णाच्या रक्तात अशा पेशी दिसल्या की त्याच्या वंशावरच संशय घेतला जायचा. नंतर १९५२ साली भारतात निलगिरीतल्या आदिवासींमध्ये त्या सापडल्या. ग्रीसमध्ये, अरबस्तानातही होत्याच. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी दाखवलं की या जनुकाची एकच प्रत असलेल्या माणसाला मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. म्हणजे या आजाराचा नकाशा कातडीच्या रंगाशी जुळत नाही, तो मलेरियाच्या जुन्या नकाशाशी जुळतो. जंगलाच्या आणि दलदलीच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांत तो सापडतो, मग ते आफ्रिकेतले असोत की गडचिरोलीतले. विदर्भात तो आदिवासींमध्ये आहे, अनुसूचित जातींमध्ये आहे, इतर मागासवर्गीयांमध्येही आहे.

मी बाईंना म्हटलं, “ताई, हे तुमच्या जातीचं नाही. तुमचे पूर्वज जिथं राहिले त्या मुलखाचं आहे.” त्यांनी मुलीकडे पाहिलं. मग दुसरा प्रश्न विचारला : “मंग मुलाकडचे तपासून काऊन नाही घेत?”

जनुक कसं काम करतं ते वैद्यकशास्त्राचं पुस्तक सांगतं. चाचणी आधी मुलीचीच का होते, मुलाकडचे लोक नकार का देतात, चाचणीचं कार्ड डब्याच्या तळाशी का लपवलं जातं, आणि दोन वाहक एकाच मांडवात पुन्हा पुन्हा का भेटतात, हे त्यात नसतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर सरळ आहे : आपण जातीतच लग्न करतो म्हणून. १ जुलै २०२३ रोजी देशभर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं, त्याचं उद्दिष्ट २०४७ पर्यंतचं आहे. त्या अभियानाला रक्त तपासणारे लागतील तसे लग्नं कशी जुळतात हे समजणारेही लागतील. ती माणसं कुठल्या विभागातून येणार आहेत?

जातीतल्या लग्नाचा विषय निघालाच आहे तर एक आठवण करून देते. दीक्षाभूमीपासून आपलं महाविद्यालय दूर नाही. १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतो. त्याच बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी, वयाच्या २५ व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात भारतातल्या जातींवर निबंध वाचला, हे मात्र आपल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना माहीत असतं? घटनाकार बाबासाहेब आपण चौकाचौकांत उभे केले. समाजाचा अभ्यासक असलेले बाबासाहेब समाजशास्त्राच्या वर्गात भेटतात, आणि तो वर्ग तुम्ही बंद करता आहात.

त्या निबंधात त्यांनी म्हटलं की जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग, आणि तो बंदिस्त ठेवण्याचं मुख्य साधन म्हणजे जातीअंतर्गत विवाह. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या चालींचा उलगडा त्यांनी त्याच्यावरून केला. आणखी एक गोष्ट त्यांनी तेव्हाच सांगितली. युरोपियन अभ्यासक जातीचं मूळ कातडीच्या रंगात आणि वंशात शोधत होते. बाबासाहेबांनी ते नाकारलं. भारतातले लोक वंशानं सरमिसळ झालेले आहेत, जात ही वंशाची विभागणी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे १९४६ साली त्यांनीच अमेरिकेतले थोर कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि अस्पृश्यांची व अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी मिळतीजुळती आहे की त्या लढ्याचा अभ्यास आपल्याला आवश्यक वाटतो, असं कळवलं. ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीचं उत्तरही दिलं. त्याच्याही आधी, १८७३ साली, महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती.

जात आणि वंश यांचं मूळ एक नाही. पण माणसाला जन्मावरून खालचं ठरवण्याची आणि ती पायरी पोरांपर्यंत पोचवण्याची रीत मात्र दोन्हीकडे सारखी चालते. हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात धरता येणं, ही समाजशास्त्राची शिकवण आहे. २००१ साली डरबनच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत जातीचा प्रश्न घ्यायचा की नाही यावर मोठा वाद झाला आणि जात म्हणजे वंश नव्हे म्हणून तो तिथं नको, अशी भारत सरकारची भूमिका होती. आमच्या वर्गात त्यावर दोन्ही बाजूंनी चर्चा झाली. मी दोन्ही बाजूंच्या नोट्स काढल्या होत्या. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे : मूळ वेगळं आहे हे खरं, पण तेवढ्यासाठी चर्चा टाळणं चुकीचं.

वंशाबद्दलचं ज्ञान केवळ परदेशी माहिती म्हणून आम्ही शिकलो नाही. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. तिथं ऑयगेन फिशर यांच्यासारख्या वंशवादी प्राध्यापकाच्या हाताखाली त्यांना कवट्यांची मोजमापं करायची होती. कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशाशी निगडित असतो का, हा प्रश्न होता. त्यांच्या मोजमापांतून तसा संबंध निघाला नाही आणि त्यांनी निघाला नाही असंच लिहिलं. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी हिशेब मांडला की माणसामाणसांतली सुमारे ८५ टक्के जनुकीय विविधता एकाच लोकसमूहाच्या आत असते. त्याआधी दक्षिण आफ्रिकेनं १९५० साली कायदा करून प्रत्येक माणसावर वंशाचा शिक्का मारला आणि संशय आला तर केसांत पेन्सिल अडकते का ते पाहून माणसाचा वंश ठरवला. ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा मुलं हसली होती. मग सरांनी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा समजावला. इंग्रज सरकारनं अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, त्या १९५२ साली विमुक्त झाल्या, आणि अजूनही चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारधी बेड्याकडे, म्हणजे पारध्यांच्या वस्तीकडे वळते. मागच्या बाकावर बसलेला एक मुलगा अशाच बेड्यावरून यायचा. त्या तासाला तो पहिल्यांदा बोलला.

कायद्यानं समानता आली, आता कसली जात आणि कसला वंश, असं म्हणणारे व्यवस्थापनातही असतील. त्यांच्यासाठी दोन अभ्यास सांगते. शिकागो आणि बोस्टनमध्ये नोकरीच्या जाहिरातींना एकसारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले गेले, काही गोऱ्या वाटणाऱ्या नावांनी आणि काही कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांनी. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : गोऱ्या नावांना मुलाखतीची बोलावणी सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आली. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी हीच पद्धत वापरली. खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज गेले, आडनावं तेवढी वेगळी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना उच्चवर्णीय नावांपेक्षा कमी बोलावणी आली. अर्ज सारखा होता, नाव वेगळं होतं. तुमच्या नव्या केंद्रात मुलांना अर्ज कसा भरायचा ते शिकवतील. चांगला भरलेला अर्ज परत का येतो, हे त्यांना कोण शिकवणार?

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण समाजशास्त्र घेणाऱ्यांत मुलीच जास्त असतात. आपल्या शहराच्या इतिहासात जाईबाई चौधरी आहेत. नागपूर स्टेशनवर हमाली करून पोट भरणाऱ्या या बाईनं १९२० च्या दशकात अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तिथं जेवणाच्या वेळी त्यांना वेगळं बसवण्यात आलं. परिषद बायकांची होती, हक्कांची होती, तरी पंगत वेगळी. पुढे २० जुलै १९४२ रोजी याच शहरात दलित महिलांची परिषद झाली आणि तिला हजारो बाया आल्या. बाई म्हणून होणारा अन्याय आणि दलित म्हणून होणारा अन्याय एकाच बाईवर एकाच वेळी होतो, आणि दोन्ही चळवळी तिला पूर्ण आपली मानत नाहीत. १९८९ साली किंबर्ली क्रेनशॉ या अमेरिकन कायदेतज्ज्ञ बाईंनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या खटल्यांवरून हेच मांडलं. पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी ते महाराष्ट्रातल्या दलित स्त्रियांच्या जगण्यावरून मांडलं. आमच्या वर्गातल्या मुलींना ते समजावून घ्यायला फार वेळ लागला नाही. घरी ते होतंच.

आता माझ्या थेट तक्रारी.

विद्यार्थी संख्या कमी झाली, हे खरं. पण ती का झाली, ते सूचनेत नाही. सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही. तासिका तत्त्वावर नेमलेल्या मॅडम दोन ठिकाणी तास घेऊन जगत होत्या, त्यांचं मानधन महिनोन् महिने निघत नव्हतं. वेळापत्रकात समाजशास्त्र आणि मराठी वाङ्मय एकाच वेळी लावले गेले, त्यामुळे दोन्ही हवे असलेल्या मुलींना एक सोडावा लागला. प्रवेशाच्या खिडकीवर “हे घेऊन काय करणार?” असं विचारलं जातं, हे मला माझ्या भाचीनं सांगितलं, कारण तिला विचारलं गेलं. शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी नाहीत आणि विद्यार्थी नाहीत म्हणून शिक्षक नाही, असं म्हणून तुम्ही दोन्ही कारणं एकमेकांना जामीन ठेवली आहेत. जागा भरणं तुमच्या हातात होतं. निदान मान्यतेसाठी पाठपुरावा करणं तरी होतंच.

दुसरी तक्रार पैशाची आहे. समाजशास्त्राचा विभाग अनुदानित आहे, फी कमी आहे. त्याच्या खोलीत जे अभ्यासक्रम येणार आहेत ते विनाअनुदानित आहेत आणि त्यांची फी कामठी, उमरेड, हिंगण्याहून एसटीच्या पासावर येणाऱ्या मुलीला झेपणारी नाही. तिच्या घरातली कॉलेजात आलेली ती पहिलीच असते. पिएर बुर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं दाखवलं की शाळा-कॉलेजं जिला गुणवत्ता म्हणतात, तिच्यातला बराचसा भाग घरातून आलेला असतो : बोलण्याची ढब, पुस्तकांची ओळख, साहेबासमोर बसण्याची सवय. धरमपेठेतल्या सुखवस्तू घरात हे मुलाला न शिकवता येतं, बिनाकीतल्या कामगाराच्या घरात ते विकत घ्यावं लागतं. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ म्हणून तेच विकायचं आणि ते न येणं हा तुझा दोष नाही असं सांगणारा विषय बंद करायचा, हे मला पटत नाही.

तिसरी तक्रार त्या ‘जुन्या व अनावश्यक’ साहित्याची, आणि ती मला सगळ्यात जास्त लागली आहे. त्या कपाटांत वस्ती सर्वेक्षणाची रजिस्टरं आहेत. दरवर्षी विद्यार्थी एक वस्ती घेत आणि घरोघर जाऊन माहिती भरत. ही रीत सरांनी ड्यू बॉइस यांच्याकडून घेतली होती. त्यांनी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात दारोदार फिरून १८९९ साली अभ्यास प्रसिद्ध केला होता. तिथली गरिबी आणि गुन्हे वंशामुळे नाहीत. कामाच्या बंद दारांमुळे, वाढीव भाड्यांमुळे आणि गुलामगिरीच्या वारशामुळे आहेत, हे त्यांनी घराघरातल्या आकड्यांनी दाखवलं.

आमच्या रजिस्टरात पाण्याचा रकाना असायचा : नळ घरात, नळ गल्लीत, टँकर. एका वर्षी सरांनी लाल पेनानं शेजारी आणखी एक रकाना आखून दिला, ‘पाणी कोण भरतं’. पानामागून पान उलटलं तरी त्या रकान्यात एकही पुरुष नव्हता. आई, सून, मुलगी, मुलगी, आजी. काही ओळींत वय नऊ, दहा. शाळेच्या हजेरीचा रकाना त्याच्या बाजूला ठेवला की गळती का होते ते मास्तरांना विचारायची गरज उरत नव्हती. ही रजिस्टरं महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आली तेव्हा टेबलावर मांडली होती, ‘सामाजिक बांधिलकी’च्या फाइलमध्ये त्यांचे फोटो आहेत. आज ती रद्दीत जाणार आहेत. उत्तर नागपुरातल्या कितीतरी गल्ल्यांचा दुसरा कुठलाही लिखित इतिहास नाही.

मोजणं हे साधं काम नाही, हेही आम्ही त्याच विभागात शिकलो. एमिल दुर्खीम यांनी १८९७ साली आत्महत्यांच्या दरांची तुलना करून दाखवलं की इतकी खासगी वाटणारी कृतीसुद्धा समाजाच्या घडणीप्रमाणे कमीजास्त होते. विदर्भात हे पुस्तकातलं राहत नाही. इथं शेतकऱ्यानं जीव दिला की प्रकरण जिल्हा समितीपुढे जातं आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं, वसुलीचा तगादा होता की नव्हता. ठेक्यानं दुसऱ्याचं वावर वाहणारा माणूस आणि जिच्या नावावर जमीनच नाही अशी बाई, दोघंही या चाळणीतून गळतात. कोणाला मोजायचं हे ठरवण्यातच न्याय-अन्याय होऊन जातो. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचं नाव आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हिवाळी अधिवेशनावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव-भगिनी गेले. अनुसूचित जमातीत आपली गणना व्हावी, एवढीच त्यांची मागणी होती. आपले विद्यार्थी रोज त्या पुलाखालून ऑटोनं येतात.

नव्या शैक्षणिक धोरणाचं कारणही तोंडी पुढे केलं जातं, म्हणून तेही लिहिते. त्या धोरणाच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आहे, समाजाशी जोडणारं काम आहे, खुले वैकल्पिक विषय आहेत. प्रश्नावली कशी करायची, कुणाच्या घरात कसं शिरायचं, काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे शिकवणारा विभाग तुमच्याकडे आधीपासून आहे. तो मोडून क्षेत्र प्रकल्प कोण घेणार? जाहिरातीसाठी वस्तीत जाऊन फोटो काढण्याला प्रकल्प म्हणायची वेळ मुलांवर आणू नका.

कौशल्य विकास केंद्राला माझा विरोध नाही. इंदोऱ्यातल्या मुलांना संगणक यायला हवा, इंग्रजी बोलता यायला हवं, हे मला तुमच्याइतकंच कळतं. त्यासाठी दुसरी खोली द्या. तळमजल्यावरचं जुनं वाचनकक्षाचं दालन कित्येक वर्षं कुलूपबंद आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत. प्रवेश बंद करण्याची सूचना मागे घ्यावी आणि येत्या सत्राच्या माहितीपुस्तिकेत समाजशास्त्राचं नाव पूर्वीप्रमाणे छापावं. रिक्त जागा पूर्णवेळ शिक्षकानं भरण्यासाठी विद्यापीठाकडे आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे केलेल्या पाठपुराव्याची कागदपत्रं दाखवावीत. केला नसेल तर आता सुरू करावा. तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकेचं थकलेलं मानधन द्यावं. वेळापत्रकातला मराठी वाङ्मयाशी होणारा संघर्ष दूर करावा. समाजशास्त्राची एक पत्रिका वाणिज्य आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही खुला वैकल्पिक विषय म्हणून द्यावी. सिकलसेलच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलालाही तिची गरज आहे, हे मी रोज पाहते.

सर्वेक्षणाची रजिस्टरं निर्लेखनाच्या यादीतून तत्काळ काढावीत. त्यांतली कुटुंबांची नावं झाकून ती स्कॅन करण्याचं काम आम्ही माजी विद्यार्थी रविवारी येऊन करू. महाविद्यालयाला एक रुपयाही खर्च येणार नाही. फक्त कपाटाची किल्ली आणि एक टेबल द्या.

आणि यापुढे कुठलाही विषय बंद करण्याआधी शिकणाऱ्यांची, शिकवणाऱ्यांची आणि पालकांची बैठक घ्यावी, तिचं इतिवृत्त फलकावर लावावं. पालकांची बैठक रविवारी ठेवा. मजुरीवर जाणाऱ्या आईबापांना कामाच्या दिवशी येणं म्हणजे त्या दिवसाची रोजी सोडणं आहे.

या पत्राची सही केलेली प्रत आणि आजी-माजी विद्यार्थ्यांच्या सह्यांचे कागद येत्या सोमवारी प्राचार्य कार्यालयाच्या आवक विभागात देत आहोत. प्रवेश अर्ज सुरू होण्याआधी लेखी उत्तर मिळावं आणि बैठकीची तारीख त्या उत्तरातच असावी.

आपली नम्र,
समाजशास्त्र विभागाची एक माजी विद्यार्थिनी
इंदोरा, नागपूर